शीतगृहातल्या मुलाची बाजू

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मुलांच्या कथावाचनाला मी गेले होते. दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने आपली गोष्ट वाचली. तिचे बाबा तिथल्याच एका आडतीवर खातेवही लिहितात. गोष्टीतला चौदा वर्षांचा मुलगा लपंडाव खेळताना बटाट्याच्या शीतगृहात शिरतो, पोत्यांच्या थप्पीमागे दडतो आणि तिथेच गोठतो. दार उघडतं ते २१५० साली. मुलगा टुणकन उठतो, पण इतकी वर्षं थंडीत काढल्यामुळे बटाट्यासारखा गोड झालेला असतो. भांडायला तोंड उघडलं तरी आतून गोड शब्दच बाहेर पडतात. दाल बाजारात पल्लेदारांच्या जागी यंत्रं आलेली आहेत, आणि तीही चहाच्या सुट्टीवरून मुकादमाशी हुज्जत घालतात. शीतगृहाच्या मालकाचा खापरपणतू मुलाच्या हातात बिल ठेवतो: एका पोत्याची जागा, सव्वाशे हंगाम, भाडं बाकी. पैसे चुकते झाल्याशिवाय माल सोडता येणार नाही. माल म्हणजे तो मुलगा.

मुलं हसून हसून लोळली. मीही मनापासून हसले.

मग अध्यक्ष बोलायला उठले. ते ज्येष्ठ समीक्षक आहेत, माझ्या वडिलांच्या परिचयातले. त्यांच्या वाचनाचा मला आदर आहे, म्हणून त्यांचं म्हणणं मी कमी न करता मांडते. ते म्हणाले, माणूस गोठवून शंभर-दोनशे वर्षांनी उठवायचा ही अमेरिकन कार्टूनमधून उचललेली कल्पना आहे, आपल्या मातीत तिला मूळ नाही. ते म्हणाले, हे विज्ञानही नव्हे, आणि किशोरांच्या डोक्यात खोटं जीवशास्त्र भरणं हा अपराध आहे. आणि शेवटी, आवाज खाली आणून ते म्हणाले, की मरण ही हसण्याची गोष्ट नाही, या वयात तर मुळीच नाही. इंग्लंडमधल्या एका मुलीचं उदाहरण त्यांनी दिलं. त्याकडे मी येणारच आहे. सभेने माना डोलावल्या आणि ती गोष्ट स्मरणिकेतून वगळण्यात आली. मुलीने कागदांची घडी घातली आणि ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

मी त्या दिवशी गप्प राहिले. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने गप्प राहायला नको होतं. आज बोलते.

मातीपासून सुरुवात करू. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं, की मुरैना मागे पडतं, चंबळ ओलांडली की धौलपूर येतं. तिथे मचकुंड नावाचं तीर्थ आहे. भाद्रपदात मोठी जत्रा भरते, आमच्या लहानपणी दाल बाजारातून माणसं तिकडे जायची. मचकुंड म्हणजे मुचकुंद. भागवताच्या दशम स्कंधातला हा राजा देवांच्या बाजूने असुरांशी इतकी वर्षं लढला, की वर मागायची वेळ आली तेव्हा त्याने फक्त झोप मागितली. गुहेत तो युगभर झोपला. कालयवनाला मागे लावून श्रीकृष्ण त्या गुहेत शिरले, कालयवनाने कृष्ण समजून झोपलेल्याला लाथ मारली आणि मुचकुंदाच्या पहिल्या दृष्टीने तो जळून गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मुचकुंद गुहेबाहेर आला आणि पाहतो तर माणसं लहान, जनावरं लहान, झाडंसुद्धा ठेंगणी. आपण कुठल्या काळात जागे झालो हे त्याला कोणी सांगितलं नाही. जगाच्या आकारावरून ते त्याने ओळखलं. झोपून उठलेल्या माणसाची गोष्ट जगात कोणीही लिहो, हा क्षण त्याला लिहावाच लागतो. आमच्याकडे तो लिहिलेला आहे, आणि परंपरेने सांगितलेली त्याची जागा आमच्यापासून दोन तासांच्या आत आहे.

दुसरी गोष्ट तर सरळसरळ हसवणारी आहे. राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चाललं होतं, म्हणून थोडा वेळ थांबला. गाणं संपल्यावर त्याने मनातली नावं सांगितली तेव्हा ब्रह्मदेव हसले. ती सगळी मंडळी, त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं, सारी कधीच होऊन गेली होती. सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. बापलेक पृथ्वीवर परतले, बलरामाशी लग्न ठरलं, पण रेवती जुन्या युगातली, म्हणून फारच उंच. विष्णुपुराण सांगतं, की बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापाची केली. पुराणकारांनी हा प्रसंग सांगताना घसा खाकरलेला नाही. काळाची चूक एका नांगराने दुरुस्त करून ते पुढे निघून गेले. तेव्हा अध्यक्षांना माझं पहिलं उत्तर हे, की मुलीने उसनं काही आणलेलं नाही. १९९९ सालच्या एका अमेरिकन कार्टूनमधला फ्राय हजार वर्षं गोठून उठतो, ते तिने पाहिलंही असेल. पण शीतगृह, पोती, थकलेलं भाडं आणि बिल हे तिचं स्वतःचं आहे. दाल बाजाराबाहेरच्या कोणाला ते सुचलं नसतं.

आता जीवशास्त्र. इथे मला सभेला काही सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही, याची खंत सर्वांत जास्त आहे.

बटाटा थंडीत गोड होतो हे खरं आहे. शीतगृहात साधारण दोन ते चार अंश तापमान ठेवतात. तिथे बटाटा मेलेला नसतो, श्वास घेत असतो, आणि त्या थंडीत त्याच्यातल्या पिठाची साखर होते. म्हणून असा बटाटा तळला की लवकर काळवंडतो, हे दाल बाजारातला कुठलाही भजीवाला सांगेल. निसर्गात याहूनही थक्क करणारं काही आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलात एक छोटा बेडूक राहतो. हिवाळ्यात तो पानांखाली अक्षरशः गोठतो, त्याच्या शरीरातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ होतो, हृदय थांबतं. वसंतात तो वितळतो आणि उडी मारून निघून जातो. हे त्याला कशामुळे जमतं? अंग गोठू लागताच त्याचं यकृत रक्तात भरमसाट साखर सोडतं, आणि त्या साखरेमुळे पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होत नाहीत. आठवीतल्या मुलीने हा बेडूक वाचलेला नव्हता, मी नंतर तिला विचारलं. तिने बटाट्यावरून अंदाज बांधला की थंडीत टिकायचं तर गोड व्हावं लागतं. हा अंदाज बरोबर आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा मोठं बक्षीस मिळत नाही, आणि आम्ही तिला खोटं जीवशास्त्र म्हणून मागे बसवलं.

माणूस मात्र बेडूक नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. त्या शीतगृहात खरा मुलगा रात्रभर अडकला तर गारठून मरू शकतो. क्रायोनिक्स नावाचा जो उद्योग आहे, तो तर मरण जाहीर झाल्यानंतरच सुरू होतो. मृतदेहात बर्फ होऊ नये म्हणून द्रावणं भरतात, आणि तो उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उलटा टांगून ठेवतात. रॉबर्ट एटिंजर यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही आशा लोकांपुढे मांडली. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड नावाचे प्राध्यापक असे ठेवले गेलेले पहिले गृहस्थ. ते आजही तसेच आहेत. त्यांच्यामागून ठेवलेल्यांपैकी कोणीही उठलेलं नाही.

यातला फरक मुलांना कसा समजवावा हा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण मी दाल बाजाराजवळ राहते. अख्खी तूर वर्षानुवर्षं कोरडी ठेवा, ओल मिळाली की उगवू शकते. तुरीची डाळ मात्र कितीही जपा, एरंडेल चोळा, हवाबंद डब्यात घाला, ती टिकेल, शिजेल, उगवणार नाही. भरडताना तिचा अंकुर गळून पडलेला असतो. इस्रायलमधल्या मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ साली पेरलं आणि त्याचं झाड झालं, कारण ते अख्खं होतं. गर्भाचंही तसंच. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी आठ पेशींचा मानवी गर्भ गोठवला, काही आठवड्यांनी तो वितळवून आईच्या पोटात ठेवला आणि १९७८ साली मुलगी जन्मली, असं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. चौकशी समितीने त्यांचा अपमान केला, बदली झाली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह परखनळीतल्या बाळाचा यशस्वी प्रयोग करणारे डॉ. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या वाचल्या आणि आपल्या आधी त्यांनी हे केलं होतं असं १९९७ साली जाहीरपणे मान्य केलं. आज गोठवलेल्या गर्भातून जन्मलेली मुलं आपल्या शाळांमध्ये बसतात. ती अख्ख्या दाण्याची मुलं. २०२३ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उंदराचं मूत्रपिंड असं अतिशीत ठेवून, पुन्हा तापवून दुसऱ्या उंदरात बसवलं आणि ते चालू झालं. एक अवयव, काचेसारखा गोठवलेला, पण जिवंत घेतलेला. मेलेला अख्खा माणूस ही अजून तरी भरडलेली डाळ आहे.

हे सगळं त्या गोष्टीनंतर पंधरा मिनिटांत सांगता आलं असतं. मुलांनी ऐकलं असतं, कारण गोष्टीने त्यांच्या मनात प्रश्न जागा केला होता. विज्ञानकथेने पाठ्यपुस्तकाचं काम करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली तेव्हा स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. खगोलशास्त्रज्ञाची म्हणून तिला गुण मिळू नयेत, कथा म्हणून मिळावेत ही त्यामागची इच्छा. तिला पहिलं बक्षीस मिळालं. विज्ञानाचा एवढा मोठा अधिकारी माणूस जर कथेला कथेच्या तराजूत तोलू देतो, तर आपण तेरा वर्षांच्या मुलीच्या पोत्यात परीक्षेची परखी खुपसायला का निघालो?

आणि ते भाड्याचं बिल. सभेत त्याला सर्वांत जास्त हशा मिळाला, आणि अध्यक्षांनी त्याला थिल्लर म्हटलं. मला तो त्या गोष्टीतला सर्वांत गंभीर परिच्छेद वाटतो. क्रायोनिक्सचा खरा इतिहास नायट्रोजनपाशी अडत नाही, भाड्यापाशी अडतो. लॉस एंजेलिसमध्ये चॅट्सवर्थच्या दफनभूमीत, क्रायोनिक्स सोसायटी ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेने काही देह तळघरात ठेवले होते. नातेवाइकांकडून पैसे येईनासे झाले, नायट्रोजन भरणं थांबलं, आणि १९७९ साली उघड झालं की नऊ देह वितळून गेले आहेत. त्या लोकांचा विश्वासघात भविष्यातल्या कुठल्या यंत्राने केला नाही. दरमहा नळकांडं भरणाऱ्या हाताने केला. आज या संस्था हयातीतच मोठी रक्कम घेतात, विम्यातून घेतात, तिचा न्यास करतात, म्हणजे पुढची शेकडो वर्षं व्याजावर थंडी विकत घेता येईल.

अशी कायमची सोय टिकते का, याचं उत्तर शोधायला ग्वाल्हेरच्या माणसाला किल्ल्याची चढण पुरते. वाटेत चतुर्भुज मंदिर आहे. जगभरचे गणिती तिथे येतात, कारण भिंतीवरच्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे. पण तो लेख गणिताचा नाही, देणगीचा आहे. १८७ हात बाय २७० हात जमीन फुलबागेसाठी दिली, तिच्यातून देवाला रोज ५० हार मिळत राहावेत, आणि हे कायम चालावं. शून्य त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये आहे. जमीनच दिली होती, म्हणजे पुढचं भाडंही देऊन ठेवलं होतं. आज शून्य आहे, हार नाहीत. आमच्या गावातल्या मुलीने ‘कायम’ या शब्दावर विश्वास न ठेवता पहिल्यांदा भाड्याचा हिशेब मागितला, यात मला या गावाचंच शहाणपण दिसतं. आडतीवरच्या मुनिमाच्या घरी ते रोज जेवणाच्या ताटावर कानी पडतं.

आता मरणाबद्दल. अध्यक्षांच्या या आक्षेपाला झटपट उत्तर देणं मला शोभणार नाही.

त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. २०१६ साली इंग्लंडमध्ये चौदा वर्षांची एक मुलगी कर्करोगाने मरत होती. आपला देह गोठवून ठेवावा अशी तिची इच्छा होती. आईवडील विभक्त होते. आई तयार होती, वडील नव्हते. मुलीने न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी ऑक्टोबरमध्ये निकाल दिला, की देहाचं काय करायचं हे आई ठरवेल. क्रायोनिक्स खरं की खोटं यावर आपण बोलत नाही, फक्त आईवडिलांमधला वाद सोडवतो आहोत, हेही त्यांनी बजावलं. निकाल मुलीला सांगितला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ ऑक्टोबरला, ती गेली. सुमारे ३७ हजार पौंड भरून तिचा देह अमेरिकेत मिशिगनला नेला. तिचं नाव न्यायालयाने उघड होऊ दिलं नाही, आणि ते योग्यच झालं.

अध्यक्ष म्हणाले, असल्या गोष्टींनी पोरांच्या मनात काय घर करतं ते पाहा. मी वर्तमानपत्रांतून हा खटला तेव्हाही वाचला होता, कारण माझ्या वर्गात त्याच वयाच्या मुली बसत होत्या. त्या मुलीच्या मनात विनोदी कादंबऱ्यांनी घर केलं नव्हतं. शेवटच्या महिन्यांत ती इंटरनेटवर क्रायोनिक्सबद्दलची माहिती शोधून वाचत होती. तिला आशा देणारा मजकूर गंभीर होता, शास्त्रीय शब्दांनी भरलेला होता, आणि त्यात उठल्यानंतरच्या सकाळबद्दल फारसं काही नसतं. ती सकाळ वडिलांना दिसली. न्यायालयात त्यांनी विचारलं, की दोनशे वर्षांनी ती उठलीच, तर तिचं कोण असेल? नात्याचं कोणी नसेल, काही आठवेल की नाही ठाऊक नाही, वय चौदाचं आणि परका देश. पुढे एका टप्प्यावर मुलीच्या निर्णयाचा मान ठेवतो असंही ते म्हणाले. पण त्यांचा तो प्रश्न मी विसरू शकलेले नाही, कारण किशोरांसाठी लिहिलेली या विषयावरची प्रत्येक चांगली गोष्ट त्याच प्रश्नातून जन्मते.

जॉन कोरी व्हेली यांची ‘नॉगिन’ ही २०१४ ची कादंबरी घ्या. सोळा वर्षांच्या कर्करोगग्रस्त ट्रॅव्हिसचं डोकं गोठवतात आणि पाच वर्षांनी दुसऱ्या देहावर बसवतात. केवळ पाच वर्षं. तो उठतो तेव्हा अजून सोळाचाच असतो, मित्र एकविशीत पोचलेले असतात, जिच्यावर त्याचं प्रेम असतं तिचं लग्न ठरलेलं असतं. कादंबरी जागोजाग हसवते, डोकं आणि धड वेगळ्या माणसांचं असल्यावर काय काय होईल यावर तर फारच. पण शेवटपर्यंत ती तुम्हाला त्या मुलासोबत त्याच्या जुन्या खोलीच्या दारात उभं करते, जिथलं सामान आता तिथे नाही. मरण पुढे ढकलण्याची इच्छा ती चुकीची ठरवत नाही. त्या इच्छेची किंमत ती रुपये-पैशांत नव्हे, माणसांत मोजून दाखवते. जी माहितीपत्रकं आशा विकतात ती हे मोजत नाहीत. मला विचाराल तर मरणाच्या दारातल्या किशोराच्या हातात मी आधी ‘नॉगिन’ देईन.

मुलं मरणावर हसतात तेव्हा ती मरणाला लहान करत नाहीत. त्यांना त्याच्याकडे पाहता यावं म्हणून ती जवळ जातात. मोठी माणसं हेच सूर लावून करतात. याच लष्करात भास्कर रामचंद्र तांबे राहिले, ग्वाल्हेरचे राजकवी, १९४१ साली इथेच गेले. आपण गेल्यावर जग तसंच चालू राहील ही गोष्ट त्यांनी अशा गोड चालीत लिहून ठेवली, की मराठी घरांत बायका भाजी निवडताना ती गुणगुणतात. त्याला कोणी थट्टा म्हटलं नाही. सव्वाशे वर्षांनी उठलेला मुलगा दाल बाजारात पाहतो ते नेमकं हेच असतं: माझ्याशिवाय सगळं चालू आहे, चहाच्या सुट्टीवरून हुज्जतसुद्धा.

आणि हलकंफुलकं असणं हाच ज्यांना दोष वाटतो, त्यांनी चांगदेवांची गोष्ट पुन्हा आठवावी. योगाच्या बळावर मरणाला चुकवत चांगदेव चौदाशे वर्षं जगले असं परंपरा सांगते. मराठी मनातला मरण टाळणारा पहिला माणूस तोच. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा हे कळेना, कारण समोरचा वयाने बालक, अधिकाराने थोर. शेवटी कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! चौदाशे वर्षांचा वृद्ध योगी आणि कोवळ्या वयाची मुलगी, आणि हसणारी ती आहे. त्या हसण्याने चांगदेवांचा अपमान झाला नाही. पुढे त्यांनी तिलाच गुरू केलं. दीर्घायुष्यावर किशोरवयीन मुलीने हसण्याची परंपरा मराठीत सातशे वर्षांची आहे, आणि आम्ही त्या परंपरेतल्या मुलीला शेवटच्या रांगेत पाठवलं.

ही गोष्ट आमच्याच मुलांना इतकी का भिडली, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या लक्षात येणं कठीण होतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ ठोकला तो काही दिवसांसाठी. तंबू उठले नाहीत, त्यांचं शहर झालं, नावही लष्करच राहिलं. आमच्या मुलांच्या घरी पणजीच्या वेळची मराठी बोलतात, मधूनच ‘येऊन राहिलोय’ म्हणतात, आणि सुट्टीत पुण्याला किंवा ठाण्याला गेलं की चुलत भावंडं हसतात. दर मे महिन्यात आमचं प्रत्येक मूल एका वेगळ्या काळात जागं होतं. आपण जपून ठेवलेले शब्द तिथे चालत नाहीत, जसं गोष्टीतल्या मुलाच्या खिशातलं नाणं चालत नाही. त्या मुलीने हे कुठेही लिहिलेलं नाही. तरी वाचताना पुढच्या दोन रांगा ज्या ओळखीने हसल्या, ती ओळख मी पाहिली आहे.

स्मरणिकेच्या संपादकांना माझी मागणी साधी आहे. पुढच्या अंकात ती गोष्ट जशीच्या तशी छापा. जीवशास्त्राची शंका असेल तर शेजारच्या पानावर मी टीप लिहून देते, बेडूक, बटाटा आणि अख्खी तूर यांच्यासह. अध्यक्षांनीही आपला आक्षेप लिहावा, तोही छापा. मुलं दोन्ही वाचतील.

फक्त थोडं थांबावं लागेल, कारण मुलगी गोष्ट पुन्हा लिहिते आहे. मी तिला ट्रॅव्हिसच्या पाच वर्षांबद्दल सांगितलं आणि तिने २१५० खोडून टाकलं. आता मुलगा सहाच वर्षांनी बाहेर येतो. बिल सहा हंगामांचं आहे, आणि ते त्याच्या घरच्यांनी दर हंगामाला भरलेलं आहे. घरी धाकटी बहीण आहे. तो आत गेला तेव्हा ती दहाची होती, आता सोळाची आहे, आणि तो अजून चौदाचा. दार ती उघडते. आता तिने त्याला दादा म्हणायचं की नाही, इथे आठ दिवस गोष्ट अडली आहे.